बाळंतिणीची खोली : नागपुरातील घरच्या बाळंतपणाची पूर्वतयारी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नागपूर शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत बहुतेक मुले घरातच जन्माला येत असत, आणि त्यामुळे बाळंतपणाची तयारी ही लग्नकार्याच्या किंवा वर्षाच्या बेगमीच्या तयारीइतकीच घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या अखत्यारीतली गोष्ट होती. पहिलटकरीण, म्हणजे पहिल्या खेपेची गर्भवती, सातव्या महिन्याच्या सुमारास माहेरी आणली जाई. तिच्या येण्याच्या आधीपासूनच आई, आजी, काकू अशा अनुभवी बायका सामान जमवू लागत. या तयारीचे बारकाईने निरीक्षण केले असता तिचे दोन अगदी वेगळे भाग दिसतात. प्रसूतीनंतर बाळंतिणीच्या पोटात काय जावे, तिला शेक कसा द्यावा, बाळाचे अंग कशाने चोळावे, याची तयारी घरातील उत्तमोत्तम वस्तूंनी होत असे. याउलट प्रत्यक्ष मूल जन्मण्याच्या घटकेसाठी जे राखून ठेवले जाई ते घरातले सर्वांत जुने, सर्वांत जीर्ण आणि टाकून देण्याजोगे असे. या विसंगतीचे मूळ काय होते आणि ती कोणी दूर केली, हे पाहिल्याखेरीज नागपुरातील बाळंतपणाचा इतिहास समजत नाही.

ही विसंगती अनादी होती असे मानण्यास आधार नाही. आयुर्वेदाच्या संहितांमध्ये सूतिकागाराचे, म्हणजे प्रसूतीसाठी बांधलेल्या स्वतंत्र घराचे, सविस्तर वर्णन आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नववा महिना लागण्यापूर्वी हाडे, वाळू आणि खापऱ्या काढून साफ केलेल्या जमिनीवर पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे दार असलेले सूतिकागार उभारावे, त्यात अग्नी, पाणी, स्नान, मलमूत्रविसर्जन आणि स्वयंपाक यांची सोय असावी, तूप, तेल, मध, सैंधव अशी द्रव्ये तेथे आधीच आणून ठेवावीत आणि अनेक बाळंतपणे अनुभवलेल्या, प्रेमळ स्वभावाच्या स्त्रिया जवळ असाव्यात, असे सांगितले आहे. नाळ तोडण्यासाठी सोन्याचे, चांदीचे किंवा लोखंडाचे धारदार शस्त्र मुद्दाम तयार ठेवावे, हेही त्यात येते. सुश्रुताने तर या घराची मापे दिली आहेत : आठ हात लांब आणि चार हात रुंद. अशी घरे प्रत्यक्षात किती लोकांना परवडत असतील हा प्रश्न वेगळा. परंतु प्रसूतीची जागा साफ, हेतुपूर्वक निवडलेली आणि खास हत्यारांनी सज्ज असावी, ही कल्पना या ग्रंथांना परकी नव्हती, एवढे निश्चित.

नागपूरच्या महाल, इतवारी किंवा सीताबर्डी भागातील जुन्या वाड्यांमध्ये बाळंतिणीला मिळणारी खोली मात्र या वर्णनापासून फार दूर गेलेली होती. साधारणपणे माजघराच्या मागची, परसाकडे उघडणारी, एरवी अडगळ, गोवऱ्या किंवा धान्याच्या कणग्या ठेवण्याची खोली त्यासाठी मोकळी केली जाई. तिला खिडकी असलीच तर ती चिंध्या कोंबून बंद करीत, कारण वारा लागला तर बाळंतिणीला वाताचा विकार होतो आणि उघड्या झरोक्यातून बाहेरची बाधा आत येते, असा समज होता. दाराशी कडुलिंबाचे डहाळे बांधीत, उशाशी लोखंडाचा विळा किंवा अडकित्ता ठेवीत, आणि खोलीत निखाऱ्यांची शेगडी सतत धुमसत राही. नागपूरचा पारा वैशाखात ४५ अंशांच्या आसपास जातो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बंद खोलीत धूर, घाम आणि अंधार यांत दहा-बारा दिवस काढणाऱ्या बाईच्या हालांची कल्पना येते. खेड्यातील एका खणाच्या कुडाच्या घरात किंवा शहरातील गिरणी कामगारांच्या एकखोली बिऱ्हाडात तर वेगळी खोली असण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे जुने लुगडे आडवे टांगून एक कोपरा वेगळा केला, की तीच बाळंतिणीची खोली होई.

आडबाजूच्या, अंधाऱ्या खोलीची निवड गरिबीमुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण सधन घरांतही ती तशीच असे. तिचे खरे कारण सुवेरात होते. सुवेर, ज्याला सोयर असेही म्हणतात, म्हणजे जन्मामुळे कुटुंबाला लागणारे दहा दिवसांचे अशौच. या काळात बाळंतीण आणि तिच्या स्पर्शात आलेली प्रत्येक वस्तू विटाळलेली मानली जाई. देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून शक्य तितकी दूरची जागा निवडणे, ही या समजुतीची सरळ परिणती होती. जी वस्तू नंतर टाकून द्यावी लागणार ती नवी किंवा चांगली कशाला वापरायची, हा हिशेबही त्यातूनच आला. जुन्या लुगड्यांची मऊ धडपी महिनोन्‌महिने बोचक्यात जमवून ठेवीत; अंथरायला फाटकी गोधडी किंवा गोणपाट असे; सुंभाने विणलेली जुनी बाज माळ्यावरून खाली येई. जुन्या सुती कापडाचा मऊपणा बाळाच्या कातडीला खरोखरच मानवतो, आणि दुपटी, झबली, कुंच्या जुन्यातून शिवण्यामागे शहाणपण होते. दोष कापडाच्या जुनेपणात नव्हता, ते न उकळता, धुळीच्या बोचक्यातून थेट प्रसूतीच्या अंथरुणावर येत असे, यात होता.

तयारीचा दुसरा भाग पाहिला की त्याच बायकांची दूरदृष्टी, चोखंदळपणा आणि हौस पाहून थक्क व्हावे लागते. इतवारीच्या किराणा बाजारातून आणि काष्ठौषधींच्या, म्हणजे वाळलेल्या मुळ्या, साली व बिया विकणाऱ्या, दुकानांतून येणारी यादी लांबलचक असे : सुंठ, ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, पिंपळी, पिंपळमूळ, हळद, मेथी, अहळीव, खसखस, खारीक, खोबरे, गूळ. डिंक शक्यतो धावड्याचा, पूर्व विदर्भाच्या जंगलांतून आलेला आणि पाण्यासारखा स्वच्छ असावा, यासाठी बायका आग्रही असत. तो तुपात फुलवून, त्यात खारकेची पूड, किसलेले खोबरे आणि विदर्भात आवर्जून गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या बियांतील गर, घालून लाडू वळले जात. अहळीव दुधात किंवा नारळाच्या पाण्यात भिजवून त्याची खीर किंवा लाडू होत; मेथीचे लाडू कडू असले तरी ते बाळंतिणीने खाल्लेच पाहिजेत असा दंडक होता. जेवणात ज्वारीची ऊन भाकरी, लसणाची फोडणी, शेपूची भाजी आणि भरपूर तूप असे, आणि जेवणानंतर बाळंतशोपा, ओवा, तीळ यांची भाजलेली सुपारी चघळायला मिळे. अहळिवात लोह असते, तिळात आणि खसखशीत चुना म्हणजे कॅल्शियम असते, तूप आणि गूळ यांतून उष्मांक मिळतात; वर्षभर सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणाऱ्या सुनेला सलग महिनाभर मिळणारा हा एकमेव पौष्टिक आहार असे, हे विसरता कामा नये. गरीब घरांत ही यादी गूळ, सुंठ आणि थोड्या मेथीवर येऊन थांबे, आणि मजुरी करणारी बाई पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा कामाला लागे.

बाळासाठी घुटीचे सामान वेगळे बांधून ठेवीत. सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात प्रत्येक काष्ठौषधीचे ठरावीक वळसे उगाळून बाळाला चाटवण्याच्या मिश्रणाला घुटी किंवा बाळघुटी म्हणतात; त्यात हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड, सुंठ, नागरमोथा, अतिविष, काकडशिंगी, बदाम, खारीक ही द्रव्ये येत, आणि बाळाच्या वयानुसार वळसे वाढवीत जाण्याचे गणित आजीच्या ध्यानात असे. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये असे सांगतात आणि ते योग्यच आहे, कारण सहाण, पाणी आणि बोट या तिन्हींतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. जळणाची तरतूदही महिनाभर आधी करावी लागे. रोजच्या शेक-न्हाण्यासाठी मोठे तपेले भरून कढत पाणी लागे, शेगडीला निखारे लागत, बाजेखाली धुरी द्यायला ओवा, शोपा, वेखंड आणि कडुलिंबाची पाने लागत. म्हणून सरपण आणि गोवऱ्या परसात रचून ठेवीत, पावसाळ्यात बाळंतपण येणार असेल तर अधिक आणि कोरड्या जागी. बाळ-बाळंतिणीला तेल चोळून न्हाऊ घालणारी बाईही आधीच सांगून ठेवीत.

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे सुईण, जिला विदर्भात दाई असेही म्हणत. ती बहुधा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील असे. नागपूर प्रदेशातील मराठी गावांत मांग समाजातील स्त्रिया हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्याची नोंद रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात सापडते. पोटावर हात ठेवून मुलाचे डोके कुठे आहे हे ओळखणे, कळांच्या अंतरावरून वेळेचा अंदाज बांधणे, घाबरलेल्या पोरीला धीर देणे, उकिडवे बसवून किंवा दोराला धरवून जोर करायला लावणे, ही तिची विद्या पूर्णपणे अनुभवातून आलेली होती आणि तिच्या हातून हजारो बायका सुखरूप सुटल्या. नाळ तोडणे आणि वार, म्हणजे गर्भाशयातून नंतर बाहेर येणारा मांसल भाग, पुरणे ही कामे मात्र विटाळाची म्हणून तिच्यावर ढकलली गेली होती. तिचा मोबदला शेर-पायली धान्य, एखादे जुने लुगडे, खोबऱ्याची वाटी आणि थोडे पैसे असा असे; मुलगा झाला तर अधिक, मुलगी झाली तर कमी. घरातील सर्वांत नाजूक क्षण जिच्या हाती सोपवला जाई, तिला बाराव्या दिवशी बारशाच्या पंगतीत स्थान नव्हते. या अन्यायाची जाणीव पुढे संघटित रूपानेही प्रकट झाली : १९५०च्या दशकात उत्तर प्रदेशात चर्मकार स्त्रियांनी नाळ तोडण्याचे आणि पुरुषांनी मेलेली गुरे ओढण्याचे काम सामूहिकरीत्या नाकारले, आणि तो लढा नारा-मवेशी आंदोलन या नावाने ओळखला जातो.

जिला प्रतिष्ठा नाही तिला साधनेही मिळत नसत. सुईणीसाठी घरात वेगळे हत्यार नसे. विळा, कोयता, बांबूची धारदार कामटी किंवा दाढीचे जुने पाते यांपैकी जे हाताशी येईल त्याने नाळ तोडली जाई, ती चिंधीच्या दोऱ्याने बांधली जाई आणि तिच्यावर राख किंवा शेण लावले जाई. यातच धनुर्वाताचे बीज होते. धनुर्वाताच्या जंतूंचे कण मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतात; ते नाळेच्या उघड्या टोकातून आत शिरले की साधारण चौथ्या दिवसापासून पुढे बाळाचा जबडा आवळतो, त्याला दूध ओढता येत नाही, अंग कमानीसारखे ताठते आणि बहुतेक वेळा ते दगावते. घर पवित्र करण्यासाठी मोठ्या श्रद्धेने शेणाने सारवलेली भुई हीच त्या जंतूंचे घर होती, हे त्या बायकांना समजण्याचा काही मार्ग नव्हता. पाचव्या आणि सहाव्या रात्री पाटा-वरवंट्याजवळ दिवा तेवत ठेवून, कोरा कागद आणि लेखणी मांडून सटवाईची पूजा करण्याची आणि बाळाजवळ जागत बसण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. सटवाई त्या रात्री बाळाचे ललाट लिहिते असे मानतात. नवजात बालके नेमकी याच दिवसांत अचानक हातची जातात, हा पिढ्यांचा अनुभव या जागरणामागे असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते.

रुग्णालये त्या काळी आपोआप सुरक्षित होती असाही समज करून घेऊ नये. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सूतिकाज्वराने, म्हणजे प्रसूतीनंतर जंतुसंसर्गाने येणाऱ्या तापाने, बायका मोठ्या संख्येने मरत, आणि शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांनी क्लोरीनच्या द्रावणात हात धुतले तर हे मृत्यू झपाट्याने कमी होतात, हे इग्नाझ सेमेलवाइस याने १८४७ मध्ये दाखवले, तरी त्याचे म्हणणे मान्य व्हायला कित्येक वर्षे लागली. हिंदुस्थानात १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने निधी स्थापन झाला आणि त्यातून स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांची रुग्णालये उभी राहिली. नागपुरातही डफरिन रुग्णालय निघाले, आणि स्कॉटिश मिशनच्या स्त्री डॉक्टरांच्या कामातून मूर मेमोरियल रुग्णालय वाढले. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया स्मारक निधीतून पारंपरिक दाईंना शिकवण्याची योजना काढली. या प्रयत्नांचे मोल नाकारता येत नाही, पण पडद्यातल्या किंवा सोवळ्याओवळ्यातल्या घरची बाई मिशनच्या इस्पितळात सहसा जात नसे, आणि दाईला वर्गात बसवून व्याख्यान दिल्याने तिच्या हाती स्वच्छ पाते आणि उकळलेला दोरा येत नव्हता.

नागपूरच्या समाजाच्या आतून हा प्रश्न हाताळला गेला तो कमलाबाई होस्पेट यांच्या कामातून. १८९६ मध्ये जन्मलेल्या कमलाबाईंना लहान वयातच वैधव्य आले. त्यांनी डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे आणि प्रसूतिविद्येचे शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्या साथीने सीताबर्डीत अवघ्या चार खाटांचे सूतिकागृह सुरू केले. तेच पुढे मातृसेवा संघ म्हणून विदर्भभर पसरले. उच्चवर्णीय विधवेने विटाळाचे, परजातीच्या सुईणीचे म्हणून हिणवलेले काम स्वतःच्या हातांनी पत्करले, यात या घटनेचे खरे महत्त्व आहे. कारण विटाळाची भिंत पडल्याखेरीज बाळंतिणीच्या खोलीत साबण, उन्हात वाळवलेले स्वच्छ कापड आणि उघडी खिडकी यांना प्रवेश मिळणार नव्हता. शिवाय या सूतिकागृहाचे वातावरण घरच्यासारखे, मराठी बोलणारे आणि ओळखीच्या बायकांचे होते, त्यामुळे घराबाहेरचे बाळंतपण म्हणजे अनाथपण, ही भीती ओसरू लागली. कुमारी मातांना आणि परित्यक्तांना येथे दार बंद नव्हते. १९६१ मध्ये कमलाबाईंना पद्मश्री देण्यात आली; १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच काळात गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमुळे नागपुरात मोठा कामगारवर्ग तयार झाला होता, आणि १९३० मध्ये मध्य प्रांतात प्रसूती लाभ कायदा मंजूर झाला. पगारी विश्रांती ही घरच्या तयारीतील सर्वांत दुर्मीळ वस्तू होती, आणि ती निदान काही कामकरी बायकांच्या वाट्याला आली. परंतु एकंदर चित्र भीषणच होते. भोर समितीच्या १९४६च्या अहवालाने देशात दरवर्षी सुमारे २ लाख स्त्रिया बाळंतपणात मरतात असा अंदाज दिला, आणि त्या वेळी देशभरात प्रशिक्षित सुइणी जेमतेम ५ हजार होत्या. १९४७ मध्ये नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तरी खेड्यातील बाळंतपण त्यानंतरही कित्येक दशके सुईणीच्याच हाती राहिले.

स्वातंत्र्यानंतर सुईणीला हटवण्याऐवजी तिला साधने देण्याचा मार्ग पत्करला गेला, तेव्हा जुन्या तयारीतील नेमकी उणीव भरून निघाली. १९७०च्या दशकापासून प्राथमिक आरोग्य केंद्रांत दाई प्रशिक्षण होऊ लागले आणि त्यात पाच स्वच्छता शिकवल्या जात : हात स्वच्छ, अंथरूण स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधण्याचा दोरा स्वच्छ, आणि नाळेच्या टोकाला काहीही न लावणे. साबणाची वडी, प्लास्टिकचा तुकडा, नवे पाते, दोरा आणि कापूस एवढे सामान असलेली छोटी पिशवी गर्भवतीच्या घरी आधीच पोचवली जाई. काही रुपयांच्या या पिशवीने आणि गर्भवतीला दिलेल्या धनुर्वातविरोधी लसीने मिळून सटवाईच्या रात्रीचे भय नाहीसे केले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित केले. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील प्रसूतीला आर्थिक आधार दिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. रक्तस्राव, अडलेले मूल, झटके यांवर घरात इलाज नसतो, म्हणून हा बदल स्त्रियांच्या जिवाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे.

तरीही घर या इतिहासातून बाहेर पडलेले नाही. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सर्च या संस्थेमार्फत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजाताचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडकला तर नळी-मुखवट्याने श्वास देणे आणि जंतुदोषावर औषध देणे, हे सारे त्या घरातच करीत. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याची ही पद्धत देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपवण्यात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा आता तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. घरी जन्मलेल्या बाळाकडे ती पहिल्या दिवशीही जाते, नाळ कोरडी आहे का, बाळ दूध नीट ओढते का आणि खोलीत हवा व उजेड आहे का, हे पाहते आणि त्याची नोंद करते.